काली टाकलं म्हणून हॅकर होत नसतंय भावा

सांगली-मिरजेच्या कॉलेज ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरायलाय. "नेटवर्किंग-बिटवर्किंग शिकत बसू नका, काली लिनक्स टाका, ७ दिवसांत हॅकर. कुठलंही वायफाय २ मिनिटांत तोडा, वायरशार्क लावून सगळ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप वाचा, व्हीपीएन लावला की कुणाच्या बापाला कळत नाही." आणि खाली क्लासची फी. फर्स्ट इयरची पोरं हे वाचून पैसे भरायला निघतात म्हणून लिहितोय.

नेटवर्किंग नको म्हणे. काली म्हणजे डेबियन नावाचं लिनक्सच आहे हो, २०१३ पासूनचं, वर सिक्युरिटी टेस्टिंगची टूल्स आधीच भरून दिलेली, एवढंच. त्यातलंच एनमॅप घ्या, मशीनचे कुठले पोर्ट, म्हणजे सर्व्हिसचे नंबर टाकलेले दरवाजे, उघडे आहेत ते बघणारं टूल, ते तर १९९७ चं आहे. घरच्या राऊटरवर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर चालवलं की साधारण असं काहीतरी येतं: ५३, ८० आणि ४४३ ओपन, बाकीचे क्लोज्ड. आता ५३ वर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरनं पत्ता शोधून देणारी सर्व्हिस, असतं आणि ८० वर राऊटरचं लॉगिन पान, हे माहीत नसेल तर त्या यादीचं करायचं काय? आणि क्लोज्ड वेगळं, फिल्टर्ड वेगळं. मार्केट यार्डात गाळ्याचं शटर वाजवलं आणि आतनं कुणीतरी "बंद हाय" म्हणून ओरडलं तर ते क्लोज्ड, तिथं मशीन स्वतः रिसेट पॅकेट पाठवतं. काहीच आवाज आला नाही तर फिल्टर्ड, मधे फायरवॉल बसलेला असणार. शिवाय एनमॅप नुसतं चालवलं तर नेहमीचे १००० पोर्टच बघतं, एकूण आहेत ६५,५३५. मग "काहीच सापडलं नाही" म्हणून पोरगं गप्प बसतं आणि सर्व्हिस चालू असते वरच्या कुठल्यातरी पोर्टवर.

अजून एक गंमत, माझा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा पत्ता, स्कॅन करतो म्हणून गूगलवर दिसलेला आयपी टाकतात. राऊटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या कनेक्शनच्या, पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या सीजीनॅटमागं आहात, म्हणजे गूगलला दिसणारा आयपी अनेक गिऱ्हाइकांचा मिळून एकच, आणि तुम्ही स्कॅन करताय ते प्रोव्हायडरचं मशीन, तेही न विचारता.

वायफाय २ मिनिटांत? आधी व्हर्च्युअलबॉक्समधल्या (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) कालीला लॅपटॉपचं वायफाय कार्ड दिसतच नाही, त्याला फक्त वायरचं नेटवर्क दिसतं. मॉनिटर मोडवालं, म्हणजे हवेतली वायफाय पॅकेट पकडणारं, यूएसबी अडॅप्टर वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलं तरी डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या सुरक्षेत, पासवर्ड हवेतनं उडत नसतो, हँडशेक, म्हणजे फोन राऊटरला जोडताना होणारी देवाणघेवाण, पकडायचा आणि मग यादीतला एकेक शब्द लावून बघायचा. कालीत रॉकयू नावाची यादी येते, २००९ च्या लीकमधली, जवळपास १ कोटी ४३ लाख पासवर्ड. तुमचा त्यात नसेल तर बसा हरी हरी करत. पण आपल्याकडं निम्म्या घरांत मोबाईल नंबरच पासवर्ड असतोय, तो मात्र बऱ्या ग्राफिक्स कार्डला काही तासांचं काम आहे. आज बदला.

वायरशार्कचं, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट बघायच्या टूलचं, तर सोडाच. स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या डब्यावर, तुम्हाला तुमचा ट्रॅफिक आणि ब्रॉडकास्ट दिसतो, शेजारच्याचा नाही. आणि दिसला तरी व्हॉट्सअ‍ॅप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, मधे कुणाला वाचता येत नाही.

आता व्हीपीएन, म्हणजे ट्रॅफिक दुसऱ्याच्या सर्व्हरमधनं नेणारी सोय, यात पोरं खरोखर अडकतात. कॉलेजच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, स्कॅन करताना पॅकेट सहसा व्हीपीएनमधनं जातच नाही, लोकल पत्ता असल्यामुळं थेट जातं आणि नोंदीत तुमच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, म्हणजे तुमचाच मॅक अ‍ॅड्रेस पडतो. वर वायफायला लॉगिन तुमच्याच रोल नंबरनं केलेलं! भारतातल्या गिऱ्हाइकांची नोंद व्हीपीएन कंपन्यांनी ५ वर्षं ठेवायची असा सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश पण आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर आयटी अ‍ॅक्टचं कलम ४३ लागतं, आणि लबाडीच्या हेतूनं केलं तर ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हात साफ करायचाय तर मेटास्प्लॉइटेबल किंवा डीव्हीडब्ल्यूए, ही सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली सिस्टिम, आपल्याच लॅपटॉपवर होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅपटॉपबाहेर न जाणाऱ्या, नेटवर्कात उभं करा. बाहेरचंच काहीतरी पाहिजे असेल तर एनमॅपवाल्यांनी स्कॅनमी नावाचं मशीन मुद्दाम उघडं ठेवलंय, तेही थोडक्यात वापरा, दिवसभर ठोकत बसू नका. हे सगळं फुकट आहे, क्लासवाले सांगणार नाहीत.