‘फाईल सीएमवायके करा, रंग बरोबर येतील’ : हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

इंकजेट प्रिंटरबद्दलचा एक मेसेज सध्या भरपूर शेअर होतोय. थोडक्यात मजकूर असा : प्रिंटमध्ये रंग चुकतायत? मग फाईल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) कन्व्हर्ट करा, क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा, कंपनीचीच शाई घाला, प्रिंट गडद आला तर ड्रायव्हरमधून (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) ब्राइटनेस वाढवा, रंग एका बाजूला झुकला तर स्लायडरने सरळ करा, म्हणजे स्क्रीनवर दिसतं तसंच्या तसं छापून येईल. वाचायला एकदम सोपं वाटतं, म्हणूनच फिरतंय. पण हे करून लोकांची शाई आणि महागडा फोटो पेपर वाया जातोय आणि शेवटी दोष प्रिंटरला दिला जातोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

पहिला सीएमवायकेचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक शाई असते, म्हणून फाईलही सीएमवायके हवी, असा यामागचा तर्क. ऑफसेट छपाईसाठी (प्रेसमधली मोठ्या प्रमाणावरची छपाई) फाईल देताय तर तो तर्क बरोबर आहे. पण घरचा किंवा स्टुडिओतला इंकजेट जेव्हा त्याच्या नेहमीच्या ड्रायव्हरमधून चालतो तेव्हा तो ड्रायव्हर आरजीबी (लाल, हिरवा, निळा, म्हणजे स्क्रीनची रंगपद्धत) डेटाच मागतो, आणि कुठली शाई किती टाकायची हे आतमध्ये स्वतः ठरवतो. आता तर कित्येक फोटो प्रिंटरमध्ये चारपेक्षा जास्त शाया असतात, लाइट सायन, लाइट मॅजेंटा, ग्रे, काहींत रेड किंवा ऑरेंजसुद्धा, तर तुमच्या चार चॅनलच्या फाईलमध्ये त्यांची काही माहितीच नसते. होतं काय, की तुम्ही फाईल ऑफसेटच्या सीएमवायकेमध्ये नेता तेव्हा त्या मशीनला न झेपणारे रंग कापले जातात, मग ड्रायव्हरसाठी ती परत आरजीबी होते, आणि कापलेले रंग काही परत येत नाहीत. चांगल्या ग्लॉसी पेपरवर इंकजेट ऑफसेटपेक्षा बराच जास्त रंगपल्ला देतो, तो तुम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिलेला असतो. रिप सॉफ्टवेअर (ड्रायव्हरऐवजी शाईचं वाटप स्वतः करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण हा मेसेज त्यांच्यासाठी नाहीये. फाईल एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये (आरजीबीचेच दोन ठरलेले प्रकार) राहू द्या, फक्त सेव्ह करताना प्रोफाइल (फाईलमधले आकडे म्हणजे नेमका कुठला रंग हे सांगणारी माहिती) एम्बेड केलेलं आहे ना ते बघा.

क्वालिटीचं लवकर आटपतो. ड्रायव्हरमधला १४४० किंवा २८८० डीपीआय म्हणजे शाईचे थेंब किती बारीक अंतरावर पडतात, त्यातून ग्रेन (दाणेदारपणा) कमी दिसतो, ग्रेडियंट गुळगुळीत होतो. निळा जांभळा दिसत असेल तर हाय क्वालिटीत तो जास्त गुळगुळीत जांभळा दिसेल, एवढंच. रंगाच्या दृष्टीने त्याच खिडकीत शेजारी असलेली मीडिया टाइपची (कागदाच्या प्रकाराची) सेटिंग कितीतरी महत्त्वाची आहे, आणि मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही! कागद किती शाई झेलेल याचा हिशोब ड्रायव्हर त्यावरून करतो, ज्या प्रिंटरमध्ये फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या असतात तिथे कुठली वापरायची हेही बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतं. ट्रेमध्ये ग्लॉसी पेपर आणि ड्रायव्हरमध्ये प्लेन पेपर असेल तर प्रिंट फिका आणि मरगळलेला येणार, मग बाकी काहीही करा.

कंपनीच्या शाईचा मुद्दा अर्धा खरा आहे. ड्रायव्हरसोबत जी प्रोफाइल्स येतात ती त्याच कंपनीची शाई आणि त्याच कंपनीचा कागद धरून बनवलेली असतात, त्यामुळे दुसरी शाई घातली की ती प्रोफाइल्स लागू पडत नाहीत, इथपर्यंत मान्य. पण कंपनीची शाई घालून कागद दुसराच वापरला तरीही ती लागू पडत नाहीत, हे कोणी सांगत नाही. आयसीसी प्रोफाइल (अशा प्रोफाइलचं प्रमाणित रूप) हे नुसत्या प्रिंटरचं नसतं, प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरची सेटिंग या सगळ्यांच्या एका ठरावीक जोडीचं असतं. ते बनवतात कसं ते एकदा समजलं की सगळं जागेवर बसतं : कलर मॅनेजमेंट (प्रोफाइल वापरून रंग जुळवायची व्यवस्था) पूर्ण बंद करून शेकडो रंगांच्या चौकोनांचा एक चार्ट छापायचा, वाळू द्यायचा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक चौकोन मोजायचा, आणि अमुक आकडे पाठवले तर कागदावर प्रत्यक्षात कुठला रंग उमटतो याचा तक्ता तयार होतो. तोच तक्ता उलटा वाचला की हवा तो रंग मिळवायला काय पाठवायचं ते कळतं. यात जादू काही नाही, मोजमाप आहे. चांगले कागद बनवणारे बरेच जण आपल्या कागदांची प्रोफाइल्स प्रिंटरच्या मॉडेलनुसार साइटवर फुकट देतात आणि सोबत कुठला मीडिया टाइप निवडायचा तेही लिहितात, ते लिहिलेलं पाळायचं. बाहेरची शाई वापरायचीच असेल तर त्या जोडीचं प्रोफाइल बनवून घ्या, शाई प्रत्येक वेळी एकसारखी मिळत असेल तर रंग अगदी व्यवस्थित येतात. प्रिंट किती वर्षं टिकेल हा वेगळा प्रश्न आहे, तिथे शाईने खूप फरक पडतो.

आता गडद प्रिंट. प्रिंट गडद येतो ही सगळ्यात कॉमन तक्रार आहे आणि बहुतेक वेळा प्रिंट गडद नसतोच, स्क्रीन जास्त उजळ असते. नवीन मॉनिटर डब्यातून निघतात ते २५०-३०० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) किंवा त्याहूनही वर, आणि प्रिंटशी जुळवायला साधारण ८० ते १२० लागतात. एवढ्या जास्त उजळ स्क्रीनवर तुम्ही फोटो एडिट केला की सावल्या छान मोकळ्या दिसतात, म्हणून तुम्ही त्या उचलत नाही, कागद तर स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो, मग सावल्या बुडणारच. ड्रायव्हरमधून ब्राइटनेस वाढवला की हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) उडतात आणि पुढच्या फोटोला परत तेच. त्यापेक्षा चांगल्या उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पांढरी खिडकी उघडा, आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत स्क्रीन खाली आणा. कॅलिब्रेटर (स्क्रीन मोजून नीट लावणारं उपकरण) असेल तर उत्तमच, नसेल तरी एवढ्याने फार फरक पडतो.

स्लायडरवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. प्रिंट गुलाबी आला म्हणून मॅजेंटा कमी केला, चेहरा ठीक झाला, पण राखाडी भिंत हिरवी झाली, हा अनुभव अनेकांना आलेला असेल. कारण चूक सगळ्या टोनमध्ये सारखी नसते, सावल्यांत एक असते, मिडटोनमध्ये (मधल्या छटांत) दुसरी, आणि स्लायडर सगळ्यांना एकदम ढकलतो. शिवाय गुलाबी झाक येण्याचं कारण बऱ्याचदा डबल कलर मॅनेजमेंट असतं, म्हणजे फोटोशॉपने प्रोफाइल लावलं आणि नंतर ड्रायव्हरनेही स्वतःची दुरुस्ती केली. दोघांपैकी एकानेच काम करायचं. फोटोशॉपला करू देताय तर ड्रायव्हरमध्ये कलर अ‍ॅडजस्टमेंट बंद, कुठे त्याला ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात, कुठे नुसतं ‘नन’. आणि या सगळ्याच्या आधी नॉझल चेक (शाईची बारीक छिद्रं तपासायचा नमुना) छापा, एखादं नॉझल तुंबलेलं असेल, विशेषतः लाइट सायन किंवा लाइट मॅजेंटाचं, तर फोटोत रेघा न दिसताही झाक येऊ शकते आणि तुम्ही तासन्‌तास सेटिंग शोधत बसता. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी छापा, चेहऱ्यावर किंवा आकाशावर न कळणारी झाक राखाडीत लगेच कळते.

झाक बघताना उजेड कुठला आहे तेही बघा. पिवळ्या बल्बखाली आणि दिवसाच्या उजेडात तोच प्रिंट वेगळा दिसतो. छपाईत प्रिंट तपासायला डी५० नावाचा ठरवून दिलेला उजेड वापरतात तो याचसाठी. तेवढी सोय नसेल तर दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) प्रिंट ताजाताजा असताना निकाल देऊ नका, काही तास, जमलं तर एक दिवस जाऊ द्या.

राहिलं ते ‘तसंच्या तसं’. ते होणार नाही, आणि तसं सांगणं ही लोकांची फसवणूक आहे. स्क्रीन प्रकाशाने रंग बनवते, कागद प्रकाश शोषून. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा निऑनसारखा हिरवा शाईत नाहीच, आणि कागदाचा पांढरा हाच प्रिंटमधला सगळ्यात उजळ रंग, त्याच्या वर काही जात नाही. मॅट कागदावर तर काळाही ग्लॉसीइतका खोल येत नाही. म्हणून छापायच्या आधी त्या कागदाचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ (कागदावर कसं दिसेल याची स्क्रीनवरची झलक) बघायचं, गॅमट वॉर्निंग (छापता न येणारे रंग दाखवणारी सूचना) चालू करून कुठले रंग बाहेर जातायत ते बघायचं, आणि पर्सेप्च्युअल व रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (छापता न येणारे रंग आत बसवायच्या दोन पद्धती) दोन्ही आलटूनपालटून बघून, रिलेटिव्हसोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवून, त्या फोटोला जे बरं दिसतं ते घ्यायचं. फोटो बदलला की ही निवडही बदलू शकते, भडक फुलांना बऱ्याचदा पर्सेप्च्युअल बरं पडतं, साध्या पोर्ट्रेटला रिलेटिव्ह.