आजोबांची ट्रंक रद्दीत जाण्याआधी

"प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल." आजोबा गेले की चौकातल्या बॅनरवर, पेपरातल्या चौकटीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हेच तीन शब्द. नाव झाकलं तर कोणाचे आजोबा हे घरच्यांनाही ओळखता येणार नाही. तेरावं उरकलं की खोली मोकळी करायची म्हणून ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते आणि जमलेली म्हातारी माणसं आपापल्या गावी जातात. आजोबांबद्दल खरं काय ते या दोन ठिकाणीच असतं, आणि दोन्ही एकाच आठवड्यात घराबाहेर पडतात.

आजोबांची खरी गोष्ट लिहून ठेवायची तर आधी माणसं गाठा. ट्रंक चार महिने माळ्यावर थांबेल, पंच्याऐंशी वर्षांची आत्याआजी थांबेलच असं नाही. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत दुपारी सगळे नुसते बसलेले असतात, तेव्हा मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, उशीवर ठेवा. टेबलावर ठेवला की कपबशीचा प्रत्येक आवाज हातोड्यासारखा येतो. पंखा बंद. चाळीस मिनिटांवर बसू नका, म्हातारी माणसं दमतात आणि मग "होतं आपलं बरं" एवढंच म्हणतात.

"आजोबांबद्दल सांगा ना" असं विचारलं तर उत्तरात तेच तीन शब्द येतील. पहिला पगार किती होता, त्यातले घरी किती पाठवायचे, मनीऑर्डर कोणाच्या नावाने, मुंबईत पहिली रात्र कुठे काढली, खानावळीचे महिन्याला किती, असं विचारा. आकडा आठवायला गेलं की माणूस त्या खोलीतच जाऊन बसतो आणि पुढचं आपोआप येतं.

आजीशी मात्र वेगळं बोला, मुलं आणि सुना समोर नसताना. आजोबांच्या कुटुंबवत्सलपणाचा हिशेब तिच्याकडे असतो, आणि तो नेहमी फक्त त्यांच्याच नावावर जमा होतो असं नाही.

मग ट्रंक. वस्तू बाहेर काढण्याआधी वरून एक फोटो घ्या आणि थर मोडू नका. एका दोऱ्यात बांधलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडला की कोणतं पत्र कशाबरोबर होतं हे कायमचं गेलं. तारीख नसलेल्या कागदाचं वय बहुतेक वेळा कागदावरच असतं. आणे-पै असतील तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली (काही दुकानदार पुढेही काही वर्षं आण्यातच लिहीत होते, म्हणून "साधारण"). पत्त्यात "मुंबई राज्य" असेल तर बहुधा १ मे १९६० पूर्वीचा. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा हे नक्की. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, लोक आजही पिनकोड लिहीत नाहीत.

जन्मतारखेत जवळपास प्रत्येक घर फसतं. दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुतेक गुरुजींनी शाळेत नाव घालताना दिलेली तारीख. खरी तारीख पत्रिकेत मिळते, पण तिथे वर्ष शालिवाहन शकाचं असतं. शकात ७८ मिळवा, आणि तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांच्यामधली असेल तर ७९. शके १८५७ चा माघ म्हणजे १९३६, १९३५ नव्हे. पंचांगाचा वार सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत सोमवार सापडतो. पत्रिका चुकलेली नसते.

गावाकडे जमीन असेल तर सातबारा हे माझ्या मते सर्वात कमी वाचलं गेलेलं कौटुंबिक चरित्र आहे. उताऱ्यावर नावाजवळ जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या क्रमांकाचा फेरफार मागा, काही ठिकाणचे जुने फेरफार ऑनलाइनही दिसतात. वारसाच्या फेरफारात पणजोबा कधी वारले आणि मागे कोण कोण होतं हे सापडतं. विदर्भ-मराठवाडा सोडून इतरत्र, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर जमीन कुळाच्या नावावर झाली असेल तर कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची नोंद असते. त्या चार ओळींत आजोबांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना असू शकते, मग ते कूळ असोत नाहीतर मालक.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो, धाकट्यांची नावं उताऱ्यावर नसली तरी ते घरात होते. दुसरं, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुलगे असले की मुलींची नावं सहसा नसतात, आणि नंतरच्या कित्येक बहिणी हक्कसोड करून उताऱ्यावरून गेल्या. फेरफारावरून वंशावळ काढली की आजोबांना बहीणच नव्हती असं दिसतं. राखीला येणारी ती कोण होती मग? तिच्यासाठी लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांतही घराण्याची नोंद मिळू शकते, मात्र जाताना आडनावाबरोबर मूळ गाव माहीत हवं. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणारा बरोबर न्या. अंदाजाने वाचलेलं नाव वंशावळीत घुसलं की पुढच्या तीन पिढ्या निघत नाही.

फोटोंचं थोडक्यात. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा. स्कॅनची बारकाई पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्टला १२००. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. नावं मऊ पेन्सिलीने मागे कडेला लिहा, बॉलपेनचा ओरखडा पुढून दिसतो. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहऱ्यांचा चिखल होतो.

शेवटी लिहायचं. हजार शब्द पुष्कळ झाले. विशेषणं आधी सगळी काढून टाका आणि जिथे भोक पडेल तिथे घटना घाला. "शिस्तप्रिय" च्या जागी रेडिओवरच्या सातच्या बातम्यांवर घड्याळ लावणं आणि त्या पाच मिनिटांत घरात कोणी भांडं न वाजवणं. राग होता तर राग लिहा, कर्ज होतं तर तेही, फक्त कर्ज देणाऱ्याचं नाव गाळा. छापण्याआधी मजकूर घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. "छे, ते कराडला नव्हे, साताऱ्याला" अशा दुरुस्त्या तिथेच निघतात. वर्षश्राद्धाला सोळा पानांची पुस्तिका पुरते, स्टीलच्या वाटीपेक्षा ती बरी. अक्षर सोळा पॉइंटचं ठेवा, आजीला चष्म्याशिवाय वाचायची असते.