झोप कुणाची उडते

आज दुपारपासून डोकं तापलंय. आमच्या वाचनकट्ट्यावर एक गृहस्थ म्हणाले, "शेक्सपिअरचा मॅकबेथ काय आणि अरविंद अडिगांच्या 'द व्हाइट टायगर' कादंबरीतला बलराम काय, एकाच माळेचे मणी. दोघांना हाव सुटली, दोघांनी मालकाला मारलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथे बोलता आलं नाही, घशात काहीतरी अडकलं.

अहो, मॅकबेथला काय कमी होतं? राजाचा नातलग, मानाचा सरदार. ग्लॅमिसची जहागीर होतीच, वर कॉडरचीही मिळाली. बायको जिवाला जीव देणारी. राजा डंकन त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, जेवला, विश्वासाने झोपला आणि यजमानानेच त्याला झोपेत भोसकलं. पुढे विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराची बायकापोरंसुद्धा सोडली नाहीत.

आणि बलराम? रिक्षा ओढणाऱ्याचा पोरगा, अशोक नावाच्या मालकाचा ड्रायव्हर. बाप क्षयाने सरकारी दवाखान्यात गेला, डॉक्टर फिरकलाच नाही. या दोघांना एका दोरीत ओवता?

माझे आप्पा ड्रायव्हर होते. मी सातवीत असताना त्यांच्या साहेबांच्या मुलाने रात्री एका सायकलवाल्याला उडवलं. सकाळी साहेब स्वतः आमच्या चाळीत आले. आईने साखर उसनी आणून चहा केला. तो पिऊन साहेब म्हणाले, "गाडी तू चालवत होतास असं लिहून दे. बाकीचं मी बघतो." आप्पांनी सही केली.

कादंबरीत अशोकची बायको पिंकी मॅडम दारू पिऊन गाडी चालवते, रस्त्यावरचं एक पोर चाकाखाली येतं आणि कबुलीजबाबावर सही बलरामची घेतात, ते पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बलरामचं प्रकरण तिथेच मिटतं, कारण त्या पोरासाठी तक्रार करायलाच कुणी येत नाही. आप्पांच्या मात्र तीन वर्षं तारखा चालल्या. साहेबांनी बघितलं ते एवढंच, की पगारातून खाडे कापले जावेत.

हो, बलराम खुनी आहे. अशोक काही राक्षस नव्हता, आणि आपल्यामागे गावाकडच्या घरच्यांना अशोकच्या जमीनदार बापाची माणसं जिवंत ठेवणार नाहीत हे ठाऊक असूनही बलराम 7 लाखांची लाल बॅग घेऊन पळाला. मानलं. पण स्टेशनवरून तो भाच्यासाठी, धरमसाठी, मागे फिरला, हेही त्याच पुस्तकात आहे.

शिरवाडकरांनी मॅकबेथ 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणला. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या सरदाराच्या उडालेल्या झोपेवर हळहळतो. खून करून आल्यावर त्याच्या तोंडून "आमेन" निघत नाही, तर आपल्याच अंगावर काटा येतो. बलराम मात्र बंगळुरूत टॅक्स्यांचा धंदा उभारतो, अशोकचंच नाव लावतो आणि पस्तावत नाही, म्हणून आपल्याला तो जास्त क्रूर वाटतो. मला हेच सहन होत नाही. पस्तावायलाही वेळ लागतो, निजायला स्वतःची खोली लागते. बलराम झोपायचा तळघरात, झुरळांच्या सोबतीने.

झोप खरी उडाली होती आप्पांची. काहीही न करता. रात्र रात्र ओट्यावर बसायचे. आई म्हणायची, आत या, दव पडतंय. आणि साहेब? साहेब गाडीच्या मागच्या सीटवर घोरायचे, हे आप्पांनीच सांगितलेलं.

लेडी मॅकबेथचं एक वाक्य मला फार आवडतं. झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला, नाहीतर मीच मारलं असतं, असं ती म्हणते. एवढ्या कठोर बाईचा हात बापाच्या आठवणीने थांबला. आप्पांच्या हातात रोज स्टीअरिंग होतं, मागे साहेब गाढ झोपलेले. त्यांच्या मनात कधी काही आलं असेल का? मी कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदाच मनात आलं आणि राग सगळा ओसरून गेला.

आप्पांना शेवटच्या आजारपणात मी बलरामची गोष्ट सांगितली होती. खुनाबद्दल ते काही बोललेच नाहीत. बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "अगं, चाकाखाली आलेलं ते पोर कुणाचं होतं?"

पुस्तकात ते कुणालाच कळत नाही.