समासातली ताई

रेझ्युमे लिहिणं त्या मानाने सोपं. पदवी, पद, तारखा यांची यादी करायची आणि जी दोन वर्षं नुसतीच गेली ती आजूबाजूच्या ओळींत दडपून टाकायची. कव्हर लेटर मात्र सलग वाक्यांत लिहावं लागतं, आणि सलग वाक्यांत माणूस पकडला जातो.

ती जाहिरात मी आठवडाभर नुसती उघडी ठेवली होती. लेखा विभागात माणूस हवा होता. ‘वेगवान वातावरणात काम करण्याची तयारी’, म्हणजे दोघं सोडून गेलेत. ‘एकाच वेळी अनेक जबाबदाऱ्या’, म्हणजे तिसराही निघालाय. इथवर सगळं ओळखीचंच. पण तळाशी एक ओळ होती: कव्हर लेटर आवश्यक.

मायन्यातच अर्धा तास गेला. ‘महोदय’ लिहिलं, पलीकडे बाई असल्या तर? ‘महोदय/महोदया’ केलं, तर त्या तिरक्या रेघेमुळे थकबाकीची नोटीस वाटायला लागली. शेवटी ‘नमस्कार’वर निभावलं. मग दीड तास घासून पहिलं वाक्य उतरलं: ‘मी एक मेहनती, प्रामाणिक, जिद्दी व संघभावना जोपासणारा उमेदवार आहे.’ वाचलं आणि वाटलं, कोण हा माणूस? एकदा भेटायला हवं याला.

ताईची हयात माणसं निवडण्यात गेली आहे. तिला फाइल पाठवली. तासाभरात परत आली ती समासात शेऱ्यांची रांग घेऊनच. ‘मेहनती’समोर: ‘आळशी आहे असं कुणी लिहितं का?’ ‘लहानपणापासून आकड्यांची आवड’ याच्यासमोर: ‘पाढे कोण म्हणून दाखवायचं तुझे?’ ‘प्रक्रिया सुधारणेत मोलाचे योगदान’ याच्यासमोर नुसतंच: ‘म्हणजे केलंस काय?’ आणि तळाशी: ‘एका पानात २६ वेळा मी. त्यांना काय हवंय, ते एकदाही नाही.’

मी फोन लावला. “अगं, पण पत्र माझ्याबद्दलच असणार ना?”

“तुझ्याबद्दल रेझ्युमे आहे. पत्र त्यांच्या डोकेदुखीबद्दल लिही. आणि एका पानात आवर.”

अशा वेळी काम टाळायला इतिहासासारखी जागा नाही. मी लिओनार्दो दा विंचीपाशी पोचलो. १४८२ च्या सुमाराला त्यानेही नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं, मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला. तेव्हा तो तिशीत, म्हणजे पाढे येण्याच्या वयाच्या पुष्कळ पुढे. पत्रात दहा मुद्दे. उचलून नेता येणारे हलके पूल, खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रणगाडे. स्फोर्झाला लढायांची चिंता होती, म्हणून नऊ मुद्दे लढाईचे. दहाव्यात शांततेच्या काळातली कामं, आणि त्यांच्या रांगेत चित्रकला! मी असतो तर ‘लहानपणापासून रंगांची आवड’ इथूनच सुरुवात केली असती. त्याहून दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, त्या पत्राचा जो मसुदा शिल्लक आहे तो त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही, असं अभ्यासक मानतात. म्हणजे त्यालाही कुणीतरी ताई असणार.

मग ‘मोलाचे योगदान’ खोडून काय घडलं तेवढंच लिहिलं. आधीच्या नोकरीत काही बिलांचे पैसे दोनदा जात होते. बिल नंबरात एकजण डॅश टाकायचा, दुसरा टाकत नसे. सॉफ्टवेअरला ती दोन निराळी बिलं वाटायची. एका दुपारी मी सगळ्या नंबरांतले डॅश काढले, यादी पुन्हा क्रमाने लावली, आणि जुळी बिलं एकमेकांना खेटून बसली. जाहिरातीत ‘पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ’ हे शब्द होतेच. त्यांच्याकडेही डॅशवाला कुणीतरी असणार, एवढं मी ताडलं.

दुसरा खर्डा ताईकडून परत आला. डॅशपाशी लिहिलं होतं: ‘हे राहू दे. बाकी सगळं भरताड.’ ‘अत्यंत उत्सुक आहे’ याच्यापाशी: ‘इतकं नको, अगतिक वाटतोस.’ ‘पगाराची अपेक्षा नाही’ याच्यापाशी: ‘वेडा आहेस का?’ मी भरताड उपसलं, ‘अत्यंत’ उडवलं, पगाराचं वाक्य दुरुस्त केलं. आता काही हलायला नको म्हणून फाइलची पीडीएफ केली आणि रात्री पावणेबाराला पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बाईच होत्या.

“तुमचं डॅशचं प्रकरण आवडलं आम्हाला. मुलाखतीला या.”

“हो, नक्की. अत्यंत… म्हणजे, उत्सुक आहे.”

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “पीडीएफमध्ये उजवीकडे शेरे आलेत. ते कुणी लिहिलेत?”

माझ्या डोळ्यांसमोर तो सगळा समास उभा राहिला. “ताईने,” मी म्हणालो.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “त्या सध्या नोकरी बदलायच्या विचारात आहेत का?”