मोदक कुणी आंबवले?

गेल्या आठवड्यापासून सोसायटीत माझी ओळख 'नानांचे मोदक आंबवणारा' अशी आहे. गुन्हा माझा एवढाच, की न्यूयॉर्कचं तिकीट मी त्यांना दाखवलं.

मुंबईहून सुटणार रात्री १ वाजता, पोचणार त्याच तारखेला सकाळी ७ वाजता. नाना एस. टी.त कंट्रोलर होते. वेळापत्रक दिसलं की त्यांचं बोट आपोआप त्यावरून फिरतं.

"सहा तास? आमची कोल्हापूर गाडी एवढा वेळ घेते!"

"नाना, तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे. विमान साडेपंधरा तास उडतं. साडेबारा हजार किलोमीटर आहे."

"घड्याळाचं राहू दे. छापलंय काय? एक ते सात." कंट्रोलरला छापील ते खरं. मग त्यांनी परतीचं तिकीट मागितलं. दुपारी १२ ला सुटणार, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. नानांनी चष्मा पुसला. "जाताना सहा आणि येताना चोवीस? मग सरळ आहे. जाताना उतार, येताना घाट."

खरं तर उलटं आहे. वर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो म्हणून परतीला तासभर कमीच लागतो. हे मी सांगितलं. बाकावरच्या चौघांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"आणि एवढं उडायचंच कशाला म्हणतो मी?" नाना रंगात आले. "पृथ्वी फिरते ना? विमान वर न्यायचं, तिथंच उभं करायचं. बारा तासांत अमेरिका आपोआप खाली येते. डिझेल वाचलं!"

"नाना, हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते."

"मग खिडक्या बंद ठेवायच्या."

यावर काय बोलणार? मी हसलो, तिथंच फसलो. निघायच्या दिवशी दुपारी नाना स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. एकवीस उकडीचे मोदक, गरम. त्यांची लेक न्यूयॉर्कजवळ एडिसन गावात असते. "सहा तासांचा तर प्रश्न आहे. पोचशील तेव्हा कोमट असतील."

पुण्याहून पाच वाजता निघालो. दीडशे किलोमीटरला पाच तास लागले, त्यातला दीड तास घाटात एका कंटेनरच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचण्यात गेला. टोल मात्र द्रुतगतीचाच घेतात, तो काही ताशी तीस किलोमीटरच्या हिशेबाने परत मिळत नाही. मग विमानतळावर तीन तास. मग आकाशात साडेपंधरा तास, मांडीवर डबा आणि पुढच्याची कललेली सीट. उतरल्यावर शिक्क्याची रांग आणि सामान यात दोन तास, एडिसनपर्यंत आणखी दोन. एकूण साडेसत्तावीस. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा नारळाने मत दिलेलं होतं.

लेकीने वडिलांना फोन केला. नाना बाकावरून जाहीर म्हणाले, "सहा तासांत मोदक आंबतात होय? कुठंतरी उतरून फिरत बसला असेल."

परत निघताना ती बदामाची पिशवी घेऊन आली. "बाबांसाठी केक करणार होते, काका. पण येताना चोवीस तास लागतात ना तुम्हाला."