सी-व्ह्यू कशाला, सरळ आतच राहायला जा

दिवाळीपासून चौघांनी तरी विचारलंय मला, की अरे तुझ्या कोकणात दर्याला लागून दोन-चार गुंठे मिळतील का बघ ना, सकाळी डोळे उघडले की समोर लाटा हव्यात. माझं म्हणणं, एवढा सोस आहे तर किनाऱ्यावर कशाला थांबताय, सरळ आतच जा राहायला. आधी गेलेत की लोक. नागाच्या भाऊबंदांपैकी काही मंडळी लाखो वर्षांपूर्वी जमिनीचा सातबारा सोडून समुद्रात गेली आणि आज त्यांच्या साठेक जाती तिथे मजेत नांदतायत. त्यांनी काय काय केलं ते सांगतो, तुम्ही फक्त तेवढं करा.

आधी नाक. नाकपुड्या पुढून वरच्या बाजूला सरकवून घ्या आणि आतून झडप बसवा, बुडी मारली की बंद, वर आलात की उघडी. फुफ्फुस एकच पुरे पण ते जवळजवळ अंगाएवढं लांब पाहिजे. मग शेपूट. शेपूट घालायची प्रॅक्टिस आपल्याला आहेच, पण इथे ती वल्ह्यासारखी चपटी करायचीय. आणि ते सनस्क्रीनचे थर आता बंद, कारण पिवळ्या पोटाचा समुद्रसाप लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी एक तृतीयांशापर्यंत ऑक्सिजन कातडीतूनच घेतो. अंगावर शेवाळ आणि शिंपले चिकटतात म्हणून तो स्वतःलाच गाठ मारून घेतो आणि त्या गाठीतून सरकत अंग घासतो, तुमचा योगा क्लास इथे कामी येईल.

आता पाणी. तुम्ही म्हणाल समुद्रात पाण्याला काय तोटा, आमच्याकडे पण प्लॉट घेताना सगळे हेच म्हणतात, एवढा पाऊस पडतो म्हटल्यावर पाणी असणारच, आणि मग मे महिन्यात टँकरवाल्याला दादा-दादा करत फोन लावत बसतात. सापाचं पण अगदी तेच झालंय. त्याच्या जिभेखाली मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी आहे, त्यामुळे कित्येक वर्षं सगळे समजत होते की हा बिनधास्त खारं पाणी पितो आणि मीठ थुंकून टाकतो. नाही पीत. लिलीव्हाइट नावाचे अमेरिकन संशोधक कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर हे साप पकडून बघत बसले, 2014 मध्ये छापून आलं, की कोरड्या सीझनमध्ये बिचारे सहा-सात महिने तहानलेलेच राहतात. चोहीकडे पाणी आणि घसा कोरडा. मग पाऊस पडला की गोडं पाणी हलकं म्हणून थोडा वेळ खाऱ्यावर तरंगतं, तेवढ्यात पिऊन घ्यायचं. म्हणजे लाखो वर्षं राहून, नाकाला झडप बसवून, जिभेखाली फिल्टर लावून सुद्धा शेवटी वाट बघायची ती पावसाचीच. तुमचा बिल्डर काय बोअरवेलचं सांगतोय ते मला नका सांगू.

परत यायचं डोक्यातून काढा. समुद्री मण्यारी अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, त्यांचा एक पाय अजून गावात आहे (पाय नाहीयेत ते माहितीये मला), पण बाकीच्या बऱ्याच जणांनी पिल्लंसुद्धा पाण्यातच जन्माला घातली आणि पोटाखालचे रुंद खवले घालवून बसले. ते खवलेच जमिनीवर सरपटायला लागतात. म्हणून लाटेने बाहेर फेकला की तो तिथेच पडून राहतो, वळवळतो, पुढे जाता येत नाही. आणि पाण्यात राहिला तरी श्वासाला वर यावंच लागतं, ट्रॉलरच्या जाळ्यात फार वेळ अडकला की समुद्रातला साप समुद्रातच बुडून मरतो.

तर असा एखादा पुळणीवर पडलेला दिसला की तुम्ही काय करायचं? जे नेहमी करता तेच. जवळ जा, काठीने डिवचा, शेपटीला धरून उचला, पोरांना शेजारी उभं करून फोटो काढा, हलत नाही म्हणजे बिनविषारीच असणार. मच्छीमार लांबून ओरडला तर लक्ष देऊ नका, त्याला काय कळतं, तो फक्त रोज जाळ्यातून यांना काढतो. चावला तरी बऱ्याचदा दुखत पण नाही फारसं. आपल्याकडच्या दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेली, त्यात या पाचव्याचं नाव नाही, पण तो प्रश्न लगेच येत नाही, काही तासांनी येतो. आधी नुसतं अंग ठणकायला लागतं, आणि ते तुम्ही सकाळच्या बनाना राईडवर ढकलून झोपून जाता.