घरबसल्या ऑफसाइड सिद्ध करण्याचे शास्त्र

पंच चुकले हे जगाला पटवून द्यायचे असेल, तर भूमिती शिकण्याची मुळीच गरज नाही. एक मोबाइल आणि एक बोट पुरेसे आहे. गेल्या रविवारी माझ्या एका मित्राने एवढ्याच भांडवलावर फुटबॉलमधला एक गोल ‘ऑफसाइड’, म्हणजे आघाडीपटू बचावपटूंच्या पुढे गोलकडे आधीच गेला होता, असे ठरवून रद्द केला. टीव्हीच्या पडद्याचा तिरका काढलेला फोटो, त्यावर बोटाने ओढलेली लाल रेघ आणि ती रेघ बचावपटूच्या बुटापेक्षा जाड! ‘कॅमेरा कुठे होता?’ एवढेच मी विचारले, तर ‘तुला फुटबॉल कळत नाही’ असे उत्तर आले आणि त्याखाली अकरा जणांनी अंगठे उमटवले. तेव्हापासून मीही हे शास्त्र मन लावून शिकतो आहे. होतकरूंसाठी त्यातील काही युक्त्या देतो.

मैदानावरील गवताचे समांतर पट्टे पडद्यावर एकमेकांकडे झुकलेले दिसले, तर तो गवत कापणाऱ्याचा दोष समजावा आणि आपली रेघ बिनधास्त उभी ओढावी.

ऑफसाइड ठरवताना हात धरला जात नाही. म्हणून रेघ नेमकी बोटाच्या टोकावरून न्यावी.

चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हे बाजूनेच पाहावे. 2022 च्या विश्वचषकात जपानने स्पेनविरुद्ध केलेल्या दुसऱ्या गोलाआधी चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत दिसत होते, एवढा पुरावा पुरे. चेंडू गोल असतो, त्याची त्रिज्या सुमारे 11 सेंटीमीटर असते आणि वरून पाहिल्यास त्याची कड रेषेवर असू शकते, असले तपशील पराभूतांसाठी नसतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्र थांबवायचा क्षण आपल्या सोयीने निवडावा. सेकंदाला 50 चित्रे धरली, तर दोन चित्रांमध्ये 0.02 सेकंद जातात; तेवढ्यात सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा आघाडीपटू 16 सेंटीमीटर पुढे सरकतो, आणि बचावपटू त्याच वेगाने उलट दिशेला धावत असेल, तर दोघांमधले अंतर 32 सेंटीमीटरने बदलते. म्हणजे एक चित्र मागे घेतले की गोल, एक पुढे घेतले की ऑफसाइड! याच अडचणीपायी कतारमधल्या त्याच 2022 च्या विश्वचषकात 12 कॅमेऱ्यांनी प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू टिपले आणि चेंडूला लाथ नेमकी कधी बसली हे कळावे म्हणून चेंडूतच सेकंदाला 500 वेळा नोंद करणारा सेन्सर बसवला. त्या यंत्रणेला हसणारे हेच लोक अंगठ्याने रेघ ओढतात! आणि ज्यांनी व्हीएआरच्या, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांच्या, खोलीत बसून अशाच थांबवलेल्या चित्रांवरून बुटाच्या टोकापायी गोल रद्द केले, पण आपल्या मोजमापात किती सेंटीमीटरची चूक संभवते हे कधी सांगितले नाही, तेही काही वेगळे नाहीत.

आता थट्टा पुरे. 1966 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही यावर वाद झालेला तो गोल ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी 1996 मध्ये चित्रफितींवरून तपासला, तेव्हा त्यांनी आधी दृश्याची भूमिती मांडली आणि मगच चेंडू किमान 6 सेंटीमीटर कमी पडला असे म्हटले. तुम्हाला गणित येत नसेल तर त्यात लाज नाही. पण न येणाऱ्या गणिताच्या नावावर पंचाला चोर ठरवता, याची लाज वाटायला हवी. आणि मित्रा, ऑफसाइड पास दिल्याच्या क्षणी ठरतो. तुझ्या त्या फोटोत पास देणारा खेळाडू दिसतच नव्हता.